काळ्या खिडकीतले सर

विशू गेल्याची बातमी आली तेव्हा आम्ही नेटला शिव्या घालत होतो.

मंगळवार होता की बुधवार, तेही आता नीट आठवत नाही, इतका साधा दिवस. परभणीतल्या आमच्या दुकानात इरफान एका प्रिंटरच्या पोटात हात घालून बसला होता. मी समोरच्या स्क्रीनवर विशूचं काम बघत होतो. विशू त्याच्या घरी होता आणि पोखर्णीजवळच्या एका कापसाच्या जिनिंगच्या वजनकाट्यावरचं मशीन घरूनच दुरुस्त करत होता. तो टाइप करायचा ते अक्षर न् अक्षर मला इकडे दिसायचं. एक ओळ अर्धी झाली आणि थांबली.

मी म्हणालो, "नेट गेलं वाटतं."

इरफान म्हणाला, "गया तो जान दो. चाय मंगाऊँ?"

चहा आला. मी नेटवाल्याला फोन लावून झापायला सुरुवात केली. तो बिचारा सांगत होता, "सर, लाइन चालू हाय तुमची." मी म्हणालो, "मग अक्षर का उमटेना?" तेवढ्यात दुसरा फोन वाजला. विशूच्या शेजाऱ्यांचा होता.

लाइन चालूच होती.

*

आमच्या धंद्यात किस्से फार साचतात. मशीन बिघडलं की माणूस घाबरतो, घाबरला की मनातलं बोलतो, आणि त्या वेळी नेमके आम्ही ऐकायला असतो! एरवी हे किस्से दुकानातच राहिले असते. चहाबरोबर निघायचे, चहाबरोबर संपायचे. पण विशूच्या आईनं, कमलकाकूंनी, मातीच्या दुसऱ्या दिवशी मला बाजूला बोलावून विचारलं,

"शिरू, एक इचारू? ह्यो खोलीत बसून नेमकं काय करायला होता रे?"

"काम करायचा, काकू. मोठं काम होतं त्याचं."

"मंग कामाचं एक मानूस कधी दारात कसं आलं न्हाई? समदी गल्ली म्हनायची, कमलबाईचं पोरगं घरीच असतंय." मग त्या म्हणाल्या, "आता तरी येईल का कोन?"

येतील, असं मी सांगितलं. मग विशूच्या कामाचे हे किस्से मी एकेक करून त्यांना ऐकवू लागलो. काकू ऐकायच्या, मान हलवायच्या आणि शेवटी म्हणायच्या, "मला बरं वाटावं म्हनून सांगायलास तू."

माझ्या सांगण्याचा उपयोग नव्हता. गावाकडचं कुणीतरी दारात येऊन सांगायला हवं होतं.

*

आधी त्याचं काम सांगतो. आम्ही तिघं गावोगावच्या दूध केंद्रांत, काट्यांवर, कारखान्यांत मशीनं बसवतो आणि चालू ठेवतो. पूर्वी मशीन रुसलं की इरफान मोटरसायकलवर जायचा. राणीसावरगावला जाऊन आला की दोन दिवस कंबर धरून चालायचा. तिथं गेल्यावर कळायचं, एक ओळ टाइप करायची होती!

विशूनं यावर तोड काढली. दूरच्या मशीनमध्ये इथून शिरायचं, पण नेहमीच्या वाटेनं नाही. नेट देणाऱ्यांनी त्या सगळ्या वाटा बंद करून ठेवलेल्या असायच्या. उघडी असायची ती फक्त वेबसाइट बघायची वाट. विशू त्याच वाटेनं आत शिरला. साधा ब्राउझर उघडायचा, पत्ता टाकायचा, पासवर्ड द्यायचा, की पानावर एक काळी खिडकी उघडायची. तीत पांढऱ्या अक्षरांत हुकूम लिहायचा, तो तिकडचं मशीन पाळायचं. गावातल्या माणसानंही आपल्या ब्राउझरमध्ये तीच खिडकी उघडली की दोघांना एकच दिसायचं. बातम्या वाचायच्या वाटेनं आख्खं मशीन दुरुस्त!

इरफाननं ते पहिल्यांदा पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "दरवाजा बंद है तो खिडकी से घुसते? ये तो चोरां का काम है, विशूभाई!"

विशूनं कागदावर लिहून दिलं, "कंबर कोणाची वाचली?"

कागदावर, कारण विशू बोलताना अडखळायचा. शाळेत आम्ही एका बाकावर होतो, तेव्हापासूनचं. फोन उचलायचा नाही, गिऱ्हाइकाकडे जायचा नाही. त्या काळ्या खिडकीत मात्र तो झरझर बोलायचा.

*

येलदरीकडे एका बर्फाच्या कारखान्यात आम्ही थंडी मोजणारं मशीन बसवलं. मालक मोठा संशयी माणूस. एके दुपारी ऑफिसात कुणी नसताना स्क्रीनवर अक्षरं उमटताना त्यानं पाहिली. पटापट ओळी येताहेत, खुर्ची रिकामी!

त्यानं आम्हाला फोन केला नाही. ऑफिसला बाहेरून कुलूप घातलं, दारावर वॉचमन बसवला आणि स्वतः खिडकीच्या काचेला नाक लावून उभा राहिला. अक्षरं येतच राहिली. मग त्याचा फोन आला.

"सर, माझ्या ऑफिसची चावी कुनाकडं तरी गेलीय. मी उद्याच कुलूप बदलायलोय."

मी विशूला सांगितलं. त्यानं लगेच त्या स्क्रीनवर लिहिलं. मालक काचेतून ते वाचत होता, आणि फोनवर मला त्याचा श्वास ऐकू येत होता.

"कुलूप उत्तम आहे. बदलू नये."

त्यानं कुलूप बदललंच!

*

राणीसावरगावच्या दूध केंद्रावर संगीताताई मशीन सांभाळतात. कामाला वाघ, मनानं हळव्या. पहिल्याच आठवड्यात त्यांचा मला रडवेला फोन.

"सर, तुमचे विशूसर लय तोडून बोलायलेत हो."

विशू आणि तोडून? मी विचारलं, काय झालं?

"मी इचारलं, सर जेवलात का. तर म्हनले, कमांड नॉट फाउंड!"

त्यांनी ते खिडकीत टाइप केलं होतं, इंग्रजी अक्षरांत. मशीनला तो हुकूम वाटला, आणि असा हुकूम आपल्याकडे नाही, असं त्यानं आपल्या परीनं नम्रपणे कळवलं.

मग विशूनं त्यांना एक युक्ती शिकवली. बोलायचं असेल तर ओळीच्या आधी हॅशची खूण टाकायची, दोन उभ्या आणि दोन आडव्या रेघांची. ती दिसली की मशीन त्या ओळीकडे लक्ष देत नाही. ती ओळ माणसांची.

त्या दिवसापासून खिडकीत दोन्ही चालू झालं. हुकूम मशीनला, हॅश माणसांना. विशूला बोलायची सवय नव्हती, त्यामुळे त्याचं मराठी पुस्तकातलं राहिलं होतं. "किंचित थांबावे. यंत्र विचार करीत आहे." त्यावर संगीताताईंचं, "करू द्या सर. तवर मी म्हशीचं बघून येते."

पुढे एकदा इरफान तिकडे गेला तर केंद्राच्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं, आधी मोठा हॅश आणि पुढे, "उद्या तपासणीला साहेब येणार."

इरफाननं विचारलं, "ताई, इथं फळ्यावर हॅश कायकू?"

ताई आवाज खाली आणून म्हणाल्या, "मशीनला कळू नये म्हनून. साहेब यायच्या दिवशीच बंद पडतंय ते!"

*

खंडेनवमीला पोखर्णीचा काटा ठप्प. आसपासच्या सोयाबीनच्या गाड्याही तिथंच मोजायच्या, त्यांची रांग रस्त्यापर्यंत. विशू त्या दिवशी दुकानात आलेला, इकडून खिडकी उघडायला बघतोय, उघडत नाही. मी काट्यावरच्या गणपतरावांना फोन केला.

"मशीन बंद का?"

"बंद न्हाई सर, पूजेला ठिवलंय. हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला, वायर काढली. आज हत्याराला हात लावत न्हाईत."

मी समजावलं. काटा हत्यार आहे हे मान्य. पण मशीन काही हत्यार नाही, ते नुसतं आकडे लिहितं. एका परीनं कारकूनच म्हणा.

गणपतरावांनी सगळं ऐकून घेतलं. मागं गाड्यांचे हॉर्न वाजत होते.

"मंग कारकुनाला सणाची सुट्टी न्हाई व्हय?"

मी फोन कानावर धरून विशूकडे बघितलं. तो टेबलावर डोकं टेकवून हसत होता. हसताना मात्र तो कधीच अडखळला नाही. गाड्या दुसऱ्या दिवशी मोजल्या गेल्या.

*

विशूचं पुस्तकी मराठी वाचून गावाकडे सगळ्यांनी एक गोष्ट ठरवून टाकली होती. सर म्हातारे आहेत! "किंचित थांबावे" म्हणणारा माणूस तरणा कसा असेल? त्यात तो फोनवर येत नाही, गावाला येत नाही, म्हणजे चालवतही नसणार.

एका थंडीत राणीसावरगावहून इरफानबरोबर तुपाची बरणी आली आणि एक बाटली. बाटलीत गुडघ्याला लावायचं तेल! संगीताताईंच्या सासूबाईंनी घरी कढवलेलं. निरोप असा, की रात्री चोळून कापड बांधून झोपायचं, सरांच्या वयात थंडी हाडात शिरती.

विशूची पन्नाशी यायची होती. रोज सकाळी तो गल्लीत कुणी उठायच्या आत स्टेडियमला फेऱ्या मारून यायचा. त्यानं खिडकीत लिहिलं, "तेल पोचले. गुडघे पुष्कळ बरे आहेत. आपल्या सासूबाईंस नमस्कार."

"पुष्कळ बरे म्हणजे आधी दुखत होते, असं झालं ना," मी म्हणालो.

त्यानं कागदावर लिहिलं, "त्यांनी कढवले आहे. वाया कसे घालवू?"

तेल इरफाननं लावलं. कमरेला. आजही त्याची चौकशी असते, "वो तेल फिर नहीं आया क्या?"

*

विशू कामाच्या गावाला एकदाच गेला. काकूंना पोखर्णीच्या नरसिंहाला जायचं होतं, म्हणून दोघं एसटीनं गेले. दर्शन झालं. काकू सावलीला टेकल्या. विशू म्हणाला, आलोच, आणि चालत चालत जिनिंगच्या काट्यावर गेला.

आत मशीन दिसलं. इतकी वर्षं ज्याच्या पोटात तो रोज शिरत होता ते मशीन त्यानं कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. धूळ बसली होती. त्यानं खिशातला रुमाल काढला आणि पुसायला हात पुढे केला.

गणपतराव ओरडले, "ओ पाव्हणं! हात नका लावू तिकडं!"

विशू थांबला. काहीतरी सांगायला गेला, पण पहिल्याच अक्षरावर अडकला.

गणपतरावांचा संशय पक्का झाला. "आमच्या सरांचं हाय ते. सर परभणीहून बघायलेत, कळलं का? चला, बाहेर व्हा!"

विशू बाहेर झाला. हे मला त्यानंच दुसऱ्या दिवशी दोन पानं भरून लिहून दाखवलं, आणि लिहिताना त्याचा चेहरा असा फुलला होता, जणू सत्कार झाला होता. मग त्यानं पोखर्णीची खिडकी उघडली, हॅश टाकला आणि विचारलं,

"काल तिकडे कोणी आले होते काय?"

उत्तर आलं, "आलता एक जन. हाकलून दिला. तुमी काळजी करू नका."

"उत्तम केलेत," विशूनं लिहिलं.

हा किस्सा मी काकूंना सांगितला तेव्हा त्यांनी पहिल्यांदा मला मध्येच थांबवलं. "त्या दिशी येताना गाडीत एकटाच हसायला होता. मी म्हनलं, ऊन लागलं की काय ह्याला!" मग पदर सारखा करत म्हणाल्या, "पर त्या गनपतरावांनी तरी कुठं वळखलं त्याला."

*

मी सगळ्या ठिकाणी फोन करून विशू गेल्याचं कळवलं. बर्फवाल्या मालकानं दोनदा नाव विचारून घेतलं. गणपतराव म्हणाले, "मंग आता आत कोन बघायलंय?" संगीताताई फोनवरच रडल्या आणि म्हणाल्या, "आमी समदे दहाव्याला येतो. पत्ता सांगा."

मी पत्ता सांगितला आणि काकूंना जाऊन सांगितलं, की राणीसावरगावची माणसं येणार आहेत.

दहाव्याच्या दिवशी काकूंनी बैठकीत सतरंजी अंथरून घेतली, शेजारून आणखी एक मागवली. विधी उरकून आम्ही नदीवरून परत आलो. मी होतो, इरफान होता, विशूचे दोन मावसभाऊ होते, शेजारी होते. दुसरी सतरंजी मोकळीच होती. काकू दाराकडे तोंड करून बसल्या. दाराशी कुणी चप्पल काढली की मान वर करायच्या.

दुपारी दुधाचा एक टेम्पो गल्लीतून पुढे गेलेला मी पाहिला. त्याच आठवड्यात विशूच्याच गल्लीतले अण्णा वारले होते. रिटायर्ड हेडमास्तर, ऐंशी ओलांडलेले, भरलं घर. त्यांच्या दारात मांडव होता, खुर्च्या होत्या. त्यांच्याकडे जेवणावळ मोठी असेल, दूध जास्त लागत असेल, असं माझ्या मनात येऊन गेलं.

संध्याकाळपर्यंत कुणी आलं नाही. काकूंनी सतरंजीची घडी घातली. "लांबचा रस्ता हाय," एवढंच म्हणाल्या.

दोन दिवसांनी संगीताताईंचा फोन आला. मी जरा कोरडेपणानंच बोललो. त्या मात्र भरभरून बोलत होत्या.

"सर, लय मोठं कुटुंब हाय की विशूसरांचं! लेकी, सुना, नातवंडं. आमी टेम्पो भरून आलतो. गल्लीत शिरलो आन् मांडव दिसला. तुमाला फोन करनार होते, पर दुखात कुठं फोन लावायचा? सासूबाई तर फोटूसमोर बसून लय रडल्या."

"फोटो?" मी म्हणालो.

"हौ की. पांढऱ्या मिशा, टोपी, जाड चष्मा. आमी बघताक्षणी वळखलं!"

त्या पुढे सांगतच होत्या.

"त्यांच्या सुनांना काईच ठाव नव्हतं बघा, सर काय काय करायचे ते. आमी समदं सांगितलं. मशीन कसं चालवायचे, थांबावे म्हनायचे, गुडघ्याला तेल कसं दिलतं. थोरल्या सूनबाई म्हनल्या, व्हय, गुडघे दुखायचेच त्यांचे! ऐकून समदे रडायलते. आमच्या मनाला लय समाधान वाटलं सर, घरापर्यंत जाऊन आलो ते."

त्यानंतरच्या आठवड्यात चौकातल्या हॉटेलात अण्णांचे थोरले चिरंजीव दिलीपराव भेटले. हातात चहा, डोळे ओले. मला खुर्चीवर बसवून म्हणाले,

"श्रीकांतराव, तुम्ही याच लाइनमधले, म्हणून विचारतो. आमचे अण्णा कॉम्प्युटरमधून गावोगावची मशीनं दुरुस्त करायचे, हे तुम्हाला माहीत होतं?"

मी चहाचा घोट घेतला.

"आमच्यासमोर तर मोबाइल चार्जिंगला लावा म्हणूनसुद्धा हाक मारायचे हो! आणि बाहेर एवढं काम! एका शब्दानं बोलले नाहीत. आख्खं गाव टेम्पोत बसून आलं होतं. आमच्या पोरांना आता आजोबांचं केवढं वाटायलंय, काय सांगू!"

इरफान माझ्या शेजारी बसला होता. तो उठून बाहेर गेला आणि मोटरसायकलला किक मारत राहिला. गाडी आधीपासून चालू होती.

मागच्या महिन्यात अण्णांच्या दारावर नवीन फ्लेक्स लागला. फोटो तोच, पांढऱ्या मिशांचा. खाली लिहिलंय, "आदर्श शिक्षक व ज्येष्ठ संगणकतज्ज्ञ". काकू रोज भाजी आणायला त्याच्याखालून जातात. परवा मला म्हणाल्या, "अण्णा बी तुमच्यातलेच होते व्हय रे? त्यांच्याकडं बघ, किती मानसं आली."

राणीसावरगावच्या मंडळींना काकूंच्या घरी आणायचं अजून राहिलं आहे.